चाकूचा नाद

मागच्या हंगामात परतवाड्याजवळ एक संत्र्याची बाग पाहून परतत होतो. धुऱ्यावर चार पोट्टे निंबाच्या झाडावर चाकू फेकत उभे. साल सोलून निघाली होती, डिंक गळत होता. "मोबाइलवर पाहून शिकलो, साहेब," म्हणाले. चाकू बाजारचा, पातळ पत्र्याचा. टोक केव्हाच वाकलेले.

रागावणे सोपे होते. पण हा नाद काही परका नाही. १९१४ साली सुरू झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ जगाला दाखवले, हे आपल्याच जिल्ह्याचे. आखाड्यात लाठी-भाल्यासोबत जंबियाचे हातही शिकवत. फरक एवढाच, की तिथे उस्ताद समोर असे.

तेव्हा फेकायचेच तर नीट फेका. जित्या झाडावर नाही. सलईसारख्या मऊ लाकडाचा आडवा कापलेला गोल ओंडका उभा करा, रेषा आपल्याकडे तोंड करून असल्या म्हणजे टोक रुतते. सागावर चाकू उसळून अंगावर येतो. फेकायच्या चाकूला धार नकोच, फक्त टोक हवे, आणि पाते जाड. चाकू हवेत फिरतो, म्हणून मनगट झटकण्यापेक्षा अंतर पक्के करणे महत्त्वाचे; पाऊलभर मागेपुढे झाले की मूठच आपटते. ओंडक्यामागे भिंत असावी, वाट नसावी.

पण माझे मन फेकण्यापेक्षा घडवण्याकडे ओढते. परतवाडा म्हणजे सागाचा बाजार. मुठीला लागणारा तुकडा कोणत्याही सुताराकडे मिळेल. पात्याला ट्रकच्या कमानीचा जुना पाटा उत्तम. लोहार तो तापवतो, घडवतो, मग पुन्हा लाल करून चुंबक लावून पाहतो. चुंबक धरेनासे झाले, म्हणजे साधारण ७७० अंशांच्या वर गेले, की थोडे आणखी तापवून तेलात बुडवायचे. थेट पाण्यात टाकले तर असले पोलाद तडकू शकते. आणि इथेच थांबले तर पाते काचेसारखे ठिसूळ राहते. पुन्हा सुमारे २०० अंशांवर, फिकट गवती रंग येईपर्यंत, शेकावे लागते. हे सगळे आमच्या ओळखीचे एक म्हातारे लोहारबुवा नुसत्या नजरेने करतात. "पोरगा पुण्याले कंपनीत गेला. भाता कोन धरते आता?" एवढेच ते म्हणाले.

२०२३ साली आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहार आहेत, अवजारांसाठी १५ हजार रुपयेही आहेत. पण गिऱ्हाईक नसेल तर अवजार घेऊन काय करायचे? चार शौकीन पोरे भट्टीवर येऊन बसली, तर म्हाताऱ्याची विद्या निदान कुणाच्या हातात तरी उतरेल.

जमवणाऱ्यांनी दूर जायला नको. पुण्याला दिनकर केळकरांनी अडकित्त्यांसारख्या घरगुती वस्तूंतून संग्रहालय उभे केले. आपल्या माळ्यावरची आजीची विळी, गंजलेला अडकित्ता, झिजलेला विळा भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी एकदा पाहा. मात्र खंजीर-तलवारीची हौस असेल तर आधी ठाण्यात विचारा. शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे. घरकाम व शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. तरी कोयता कमरेला लावून बाजारात हिंडणे हे शेतीकाम होत नाही.

त्या चौघांपैकी एक जण पुढे खरेच भट्टीवर गेला. त्याने घडवलेला पहिला चाकू डोळे भरायचा, संत्र्याच्या रोपवाटिकेसाठी. पाते थोडे वाकडे आहे, धार मात्र चांगली लागते. त्याला एकच सांगितले : एका झाडाचा डोळा काढला की पाते ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून पुसून घे, मगच दुसऱ्या झाडाला हात लाव. संत्र्याचा एक्झोकॉर्टिस रोग चाकूच्या पात्यावरूनच झाडोझाड जातो.