पथक परतल्यानंतर

मांडीचे हाड मोडलेल्या माणसावर वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर तो काही दिवसांत कुबड्यांच्या आधाराने उभा राहतो. ती न झाल्यास पायाला वजन टांगून त्याला आठवडेच्या आठवडे खाटेवर काढावे लागतात. आफ्रिकेतील व आग्नेय आशियातील लहान गावांत असा रुग्ण पुष्कळदा तरुण, मोटारसायकलच्या अपघातात सापडलेला आणि घरातील मिळवता असतो. हाड जुळेपर्यंत घरातील किडुकमिडुक विकले गेलेले असते. थकीत कर्जाच्या वसुलीसाठी गावोगाव हिंडलेल्या बँक कर्मचाऱ्यास ही साखळी वेगळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

अशा देशांत श्रीमंत राष्ट्रांतील शल्यचिकित्सकांची स्वयंसेवी पथके जातात. लॉस एंजेलिसचे डॉ. लॉरेन्स डॉर यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात सुरू केलेले 'ऑपरेशन वॉक' हे त्यांपैकी एक. कृत्रिम सांधे, उपकरणे, भूलतज्ज्ञ, परिचारिका असा सारा सरंजाम घेऊन पथक येते आणि अल्प मुदतीत अनेकांचे खुबे व गुडघे बदलून परतते. वर्षानुवर्षे जागेवर खिळलेला माणूस चालू लागतो, हे पुण्यकर्मच होय. परंतु विमान निघून गेल्यावर जखम चिघळली, किंवा काही वर्षांनी सांधा सैल झाला, तर रुग्णाने कोणाचे दार ठोठवावे? स्थानिक डॉक्टरांना सोबत घेऊन शिकविणारी पथके या प्रश्नाचे उत्तर निदान शोधू लागली आहेत; केवळ शस्त्रक्रियांची संख्या मिरविणाऱ्यांविषयी तसे म्हणता येत नाही.

व्हिएतनाम युद्धात लष्करी शल्यचिकित्सक असलेले डॉ. लुईस झर्कल यांना याहून मूलभूत अडचण जाणवली. शिकविलेल्या डॉक्टरांच्या हाती साधनेच नसतील तर शिक्षण काय कामाचे? त्यांनी १९९९ साली अमेरिकेतील रिचलंड येथे 'साइन' ही संस्था स्थापन केली. मोडलेल्या हाडाच्या पोकळीत पोलादी सळई बसवून तिच्या दोन्ही टोकांना स्क्रू घालतात. हाडात दडलेले सळईचे छिद्र शोधण्यासाठी मोठ्या रुग्णालयांत शस्त्रक्रिया चालू असतानाच क्ष-किरण यंत्रावर पाहता येते. जिथे विजेचाच भरवसा नाही तिथे हे यंत्र कोठून यावे? 'साइन'च्या सळईला बाहेरून एक मार्गदर्शक दांडा जोडलेला असतो. तो छिद्राची जागा दाखवितो आणि शल्यचिकित्सक हाताच्या स्पर्शाने ती पारखून घेतो.

बँकेच्या माणसाला अधिक भावेल ती पुढची व्यवस्था. सळया विनामूल्य मिळतात, मात्र प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद व क्ष-किरण चित्रे संस्थेकडे पाठवावी लागतात. अनुभवी शल्यचिकित्सक त्यांवर अभिप्राय देतात आणि वापरलेल्या सळयांच्या जागी नव्या येतात. हिशेब पोहोचला की साठा भरला. दान देतानाही असा चोख हिशेब मागणे यात कृपणता नाही. उलट पाहुण्या पथकाची वाट न पाहता तिथलाच डॉक्टर वर्षभर काम करीत राहतो.

ही दृष्टी आपल्याला अगदीच नवी नव्हे. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस तिथेच राहिले. १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांचे निधन झाले, त्या सुमारास चिनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तक लिहिण्याचे त्यांचे काम चालू होते.