हाड मोडले नाही, तरी मनगट दुखते

न्हाणीघरात पाय घसरला, पडताना हात टेकला, मनगट सुजले. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले दिसले नाही म्हणून घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यानंतर महिना उलटूनही कपडे पिळताना किंवा काठीवर भार देताना आपल्या मनगटात कळ येत असेल, आतून ‘कट्’ असे वाजत असेल, तर ते दुखणे वयाच्या माथी मारू नये. तेल चोळून मनगट ‘बसवून’ घेणे तर कटाक्षाने टाळावे.

मनगटात आठ लहान हाडे असतात. त्यांपैकी नावेच्या आकाराचे स्कॅफॉइड आणि चंद्रकोरीसारखे ल्युनेट यांना बांधून ठेवणारा अस्थिबंध फाटला, की ती दोन हाडे एकमेकांपासून दूर सरकू लागतात. साध्या एक्स-रेत ही फट लपू शकते. म्हणून मूठ आवळून दोन्ही मनगटांचे एक्स-रे काढतात व तुलना करतात; फट ३ मिलिमीटरपेक्षा अधिक असल्यास शंका बळावते. एमआरआयलाही ही इजा कधीकधी हुलकावणी देते.

खात्रीचे निदान दुर्बिणीने होते. बहुधा केवळ हात बधिर करून, मनगटाच्या मागील बाजूस काही मिलिमीटरची दोन-तीन छिद्रे पाडून बारीक दुर्बीण सांध्यात घालतात. इजा ताजी असेल, तर त्याच वेळी अस्थिबंध टाक्यांनी सांधता येतो. हाडे जागी राहावीत म्हणून काही काळ तारा घालाव्या लागतात. मात्र छिद्र लहान म्हणून आतील अस्थिबंध लवकर जुळतो, असे नव्हे. त्यास कित्येक आठवडे प्लास्टर व नंतर व्यायाम लागतोच.

इजा जुनी होऊन सांध्याची कूर्चा झिजली असेल, तर नुसता अस्थिबंध शिवून उपयोग होत नाही. सत्तरीनंतर दिसणारी फट कित्येकदा जुनी, न दुखणारीही असते. केवळ एक्स-रेत फट दिसते म्हणून शस्त्रक्रिया करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दुखणे किती आणि अडते काय, हे आधी पाहावे. पुष्कळांचे पट्टा व औषधांवर भागते.

शस्त्रक्रिया ठरलीच, तर तारीख घेण्यापूर्वी शल्यविशारदांना एक प्रश्न अवश्य विचारावा: “काठी याच हातात असते, प्लास्टर असेतो चालायचे कसे?” कोपरापासूनचा हात टेकवून चालता येईल असा वॉकर मिळतो. तो आधीच आणून घरात चार दिवस सराव करावा. शस्त्रक्रियेनंतर हात उशीवर उंच ठेवावा, बोटे हलवत राहावीत. बोटे निळसर वा बधिर झाली, किंवा वेदना वाढतच गेली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.