सांगाडा घरचा, नंबर कुणाचा?

विद्याविहारचं के. जे. सोमय्या आणि विलेपार्ल्याचं द्वारकादास संघवी या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं गेली कित्येक वर्षं पाइपांची गाडी बांधत आली आहेत. ‘बाहा एसएईइंडिया’ ही त्यांची स्पर्धा २००७ साली मध्य प्रदेशातल्या पिथमपूरला सुरू झाली. तिचं नियमपुस्तक भलतंच कडक आहे. चालकाभोवतीच्या पिंजऱ्याचा मुख्य पाइप एक इंच व्यासाचा आणि तीन मिलिमीटर जाडीचा हवा, नाहीतर तितक्याच ताकदीचा. पोलादात कार्बन किमान ०.१८ टक्के हवा. वेल्डिंगचा नमुना तोडून दाखवावा लागतो, ब्रेक मारल्यावर चारही चाकं एकदम अडकावी लागतात. एवढं सगळं पार पाडलेली गाडी दगडधोंडे, चिखल आणि उड्या सोसते, आणि मुंबईत परतते ती टेंपोत बसून. स्वतःच्या चाकांवर तिला एलबीएस मार्गाचा एक सिग्नलही ओलांडता येत नाही.

ती स्पर्धेची गाडी आहे, तिची रस्त्यावर येण्याची इच्छाही नसते, हे मान्य. पण यातलाच एखादा मुलगा पुढे कमावता झाला आणि त्याने जुन्या जीपचं इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल घेऊन साकीनाक्याच्या फॅब्रिकेटरकडे पाइपांच्या सांगाड्यावर स्वतःचा ट्रक उभा केला, त्याला दिवे, इंडिकेटर, आरसे, सीटबेल्ट सगळं नियमाबरहुकूम लावलं, तरी अंधेरीचं एमएच-०२ काय किंवा बोरिवलीचं एमएच-४७ काय, कुठलंही आरटीओ त्याला नंबर देणार नाही. ट्रक कच्चा आहे म्हणून नव्हे. पक्का आहे की कच्चा, हे तपासण्यापर्यंत गोष्ट जातच नाही. एकट्या माणसाने गाडी बांधावी, ही कल्पनाच आपल्या कायद्यातून हद्दपार झाली आहे. ती कशी झाली हे पाहण्यासारखं आहे, कारण ज्या मुंबईत हे घडलं ती गाड्या बांधणाऱ्यांचीच मुंबई होती.

जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. त्या काळात ट्रक किंवा बस म्हणजे इंजिन आणि चाकं बसवलेली उघडी चेसिस. तिच्यावरची केबिन, हौदा, बाकं हे काम इथल्या सुतार-लोहारांचं. गाडीचा अर्धा जन्म कारखान्यात आणि अर्धा गल्लीत व्हायचा. एसटी महामंडळाने हीच रीत पुढे कितीतरी वर्षं चालवली: चेसिस विकत घ्यायची आणि बॉडी दापोडी, चिकलठाणा, हिंगण्याच्या आपल्याच कार्यशाळांत बांधायची. महाराष्ट्रातल्या कैक पिढ्यांनी लाल डब्यातून प्रवास केला तो असा घरच्या बॉडीतून.

दुसऱ्या महायुद्धाने जीप आणली. १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ स्थापन झाली. फाळणीनंतर मलिक गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीच्या नावातला ‘मोहम्मद’ जाऊन दुसरा ‘महिंद्र’ आला. विलीस जीपचे सुटे भाग माझगावात जुळू लागले आणि यथावकाश हा उद्योग कांदिवलीच्या आकुर्ली रोडला विस्तारला. पूर्वेला वालचंद हिराचंदांच्या ‘प्रीमियर’ने कुर्ल्यात आधी डॉज, प्लिमथ आणि मग फियाट बांधल्या; भांडुपला ‘सीएट’चे टायर तयार होऊ लागले. नुसती जुळणी करणाऱ्यांना देशात जागा नाही, असं सरकारने १९५३ साली ठरवलं आणि पुढच्याच वर्षी जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला. पूर्ण गाडी इथेच बनवण्याचं ओझं मग या उपनगरांनी उचललं. कुर्ला ते मुलुंड आणि अंधेरी ते कांदिवली या दोन पट्ट्यांत तेव्हा ओतकाम, घडकाम, स्प्रिंग, गिअर, रबर, रंग असं गाडीला लागणारं काय वाटेल ते मिळे. कारखान्यात शिकलेला हात संध्याकाळी गॅरेजमध्ये चाले. लष्कराच्या लिलावातल्या गाड्या घेऊन त्यांची डागडुजी करणं हा तर एक स्वतंत्र धंदाच होता. आजही केंद्रीय मोटार वाहन नियमावलीच्या नियम ४७ मध्ये लष्करी गाडीच्या विक्री-दाखल्याची वेगळी तरतूद आहे, ती या धंद्याची सरकारदरबारी उरलेली खूण.

कायदाही तेव्हा गाडीपुरतंच पाहत असे. १९३९ चा कायदा जाऊन १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या कलम ५२ ची मूळ भाषा वाचावी. गाडीत असा बदल करायचा असेल की नोंदणीपुस्तकातला मजकूर खरा राहणार नाही, तर मालकाने आधी आरटीओला कळवावं आणि मंजुरी घ्यावी. म्हणजे तुलना गाडीची तिच्याच कागदाशी. गाडी बदलली तर कागद बदलण्याची सोय होती, आणि मध्ये बसलेल्या अधिकाऱ्याला ‘हो’ म्हणण्याचा अधिकार होता.

त्याच सुमारास शेजारच्या नियमावलीत नियम १२६ आला. प्रत्येक उत्पादकाने वा आयातदाराने आपल्या गाडीचा नमुना सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यावा. पुण्याची एआरएआय ही त्यातली एक संस्था, नगरची व्हीआरडीई दुसरी, दोन्ही महाराष्ट्रातल्याच. एक नमुना पास झाला की त्याबरहुकूम निघणाऱ्या लाखभर गाड्या पास. कारखान्यासाठी ही पद्धत रास्तच आहे. पण जिथे पहिली गाडी हीच शेवटची, तिथे हे गणित बसत नाही. नमुन्याच्या चाचण्यांचा खर्च लाख गाड्यांवर पसरतो. एकाच गाडीवर तो टाकला तर मालकाचं कंबरडं मोडतं.

२००० सालच्या दुरुस्तीने कलम ५२ चा अर्थच पालटला. आता तुलना नोंदणीपुस्तकाशी राहिली नाही, उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी झाली. सीएनजी-एलपीजीचं किट, परवानगीने त्याच जातीचं दुसरं इंजिन, अशा मोजक्या वाटा उरल्या. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच भाषेवर शिक्कामोर्तब केलं: उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने गाड्यांच्या पुढचे लोखंडी बुलबार उतरवायला लावले होतेच. वीस वर्षांत आरटीओच्या हातातलं ‘हो’ गेलं आणि अधिकार कारखान्याच्या कागदाकडे गेला.

या सगळ्याचा कस लागतो तो चेसिस नंबरवर. तपासणीच्या वेळी हे दृश्य कुठल्याही आरटीओच्या आवारात दिसतं. गाडीच्या चेसिसवर ठोकलेल्या आकड्यांवर कागद धरायचा, वरून पेन्सिल आडवी घासायची. करड्या पट्टीत सतरा अक्षरं-आकडे पांढरे उमटतात. तो कागद फाइलला लागला की गाडीची ओळख पटली. इंजिन बदललं, दारं बदलली, रंग बदलला तरी ही पट्टी तीच राहते. पाइपांचा ट्रक बांधणारा नेमका हाच तुकडा काढून टाकतो. कारखान्याची शिडीसारखी चेसिस डांबरावर उत्तम चालते. पण खडकावर एक चाक वर आणि तीन खाली अशी वेळ आली की ती पिळवटते. पाइपांचा सांगाडा त्रिकोणांनी बांधलेला असतो, पीळ सगळ्या पाइपांत वाटला जातो. त्यासाठी सीमलेस पाइप आणायचा, बेंडरवर वाकवायचा, दुसऱ्या पाइपाच्या गोलाईत चपखल बसेल अशी त्याच्या टोकाला माशाच्या तोंडासारखी खाच घासायची, जिगवर धरून आधी टॅक मारायचे आणि मग एकदा या कोपऱ्यात, एकदा त्या कोपऱ्यात असं आलटूनपालटून वेल्डिंग करायचं. एका बाजूने सलग वेल्ड मारत गेलं की उष्णतेने सांगाडा वाकडा होतो आणि पुढे चाकांची रेषा कधीच जुळत नाही. हे सगळं बिनचूक केलं तरी शेवटी त्या सांगाड्यावर पेन्सिल घासायला आकडे नसतात. जुन्या जीपचा आकड्यांचा तुकडा कापून नव्या पाइपावर जोडावा, तर ती सरळ फसवणूक. चोरीच्या गाड्या याच वाटेने धुतल्या जातात. प्रामाणिक माणसापुढे मग दोनच पर्याय उरतात: गाडी टेंपोत घालून न्यावी, नाहीतर बांधूच नये.

कायद्याची बाजूही कमी वजनाची नाही. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस दरवाजाच्या बाजूवर उलटली, पेटली आणि २५ माणसं गेली. दरवाजा कुठे, आपत्कालीन खिडकी कुठे, कुठला पत्रा कसा पेट घेतो, हे प्रश्न किती जिवाचे आहेत ते त्या रात्री महाराष्ट्राने पाहिलं. गल्लोगल्लीच्या बॉडीबिल्डरांना मानकांत बांधण्याची गरज होतीच. मुंबईच्या रस्त्यावर पादचारी गाडीच्या इतका जवळून चालतो की उंच, टणक, पुढे आलेल्या लोखंडाचा ट्रक त्याच्यासाठी काळच. प्रदूषणाचाही मुद्दा आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू असताना चाळीस वर्षांपूर्वीचं डिझेल इंजिन नव्या नोंदणीने रस्त्यावर आणणं कोण मान्य करील? हौस मालकाची आणि धूर शेजाऱ्याच्या फुप्फुसात, हा न्याय नव्हे.

पण तपासणी कडक असणं वेगळं आणि तपासणीच नसणं वेगळं. इंग्लंडमध्ये मूळ चेसिस काढून टाकली की गाडीची जुनी ओळख संपते. पण म्हणून ती भंगारात जात नाही. तिला एकेका गाडीच्या स्वतंत्र तपासणीला उभं राहावं लागतं. घरी बांधणाऱ्याने पावत्या आणि बांधकामाचे फोटो द्यावे लागतात. पास झाली की सरकार नवा चेसिस नंबर देतं. जर्मनीत मान्यताप्राप्त तज्ज्ञ एकट्या गाडीचा अहवाल देतो. न्यूझीलंडमध्ये हे काम प्रमाणित तपासनीस करतात आणि गाडीला तशी पाटी लावतात. कॅलिफोर्नियाने धुराच्या नियमात घरच्या गाड्यांसाठी सवलत ठेवली, पण वर्षाला ५०० गाड्यांपुरतीच. रस्ता मोकळा कुणीच सोडलेला नाही. खुद्द महिंद्रची ‘रॉक्सर’, कांदिवलीच्या जीपची ही नात, २०१८ साली अमेरिकेत आली ती रस्त्यावरची गाडी म्हणून नव्हे, रानवाटांची गाडी म्हणूनच. या देशांनी केलं ते इतकंच की दार अरुंद ठेवलं, पण भिंत घातली नाही.

आपल्याकडे काय होतं ते डिसेंबर २०२१ मध्ये दिसलं. सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिराने भंगारातून किकने सुरू होणारी चारचाकी बांधली. तिची चित्रफीत पाहून आनंद महिंद्र यांनी त्याच्या कल्पकतेचं कौतुक केलं, ही गाडी नियमांत बसत नाही हेही सांगितलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. ती त्याला जानेवारीत मिळालीही. देणाऱ्याच्या मनाच्या मोठेपणाबद्दल शंका नाही. पण राज्यव्यवस्थेचं काय? बांधणाऱ्याला कारखान्याची गाडी मिळाली आणि त्याच्या गाडीचं ठिकाण ठरलं कारखान्याच्या संग्रहात. तुमची गाडी इथे कमी पडते, ती अशी सुधारा, हे सांगणारं एकही सरकारी टेबल त्या माणसाच्या वाटेत नव्हतं.

हौसेच्या गाडीसाठी वेगळं दार काढणं आपल्या सरकारला जमत नाही, असंही नाही. जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या विंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम झाले. ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरमाला, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क, आणि प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरताच रस्त्याचा वापर. अट मात्र अशी की चेसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. म्हणजे श्रीमंताच्या आजोबांनी घेतलेल्या गाडीला सरकारने जागा केली. हाताने नवी गाडी बांधणाऱ्याला नाही. जतनाचा मान आहे, निर्मितीचा नाही.

ही उलटी रीत बदलायला क्रांती नको, विंटेज नियमांइतकाच एक छोटा अध्याय हवा. वर्षाला देशभरात ठरावीक गाड्या. एका व्यक्तीला काही वर्षांतून एकच, भाड्याने देण्यास आणि ठरावीक काळ विकण्यास बंदी. पाइपाच्या दर्जाचा दाखला, प्रमाणित वेल्डर, जोडांची तपासणी, ब्रेक आणि दिव्यांची चाचणी, पादचाऱ्याला इजा करील असं एकही टोक नाही. इंजिन चालू मानकाचं. दरवर्षी फिटनेस. आणि हे सगळं पार पडलं तर सांगाड्यावर सरकारच्या हातून ठोकलेला नवा चेसिस नंबर. तपासणारी यंत्रणा पुण्यात आणि नगरला उभी आहे, बांधणारे हात साकीनाका, कुर्ला, भांडुपला अजून आहेत. शुल्क भरपूर लावा, नापासांचं प्रमाण मोठं राहू द्या. कुणाची तक्रार नसेल.

घाई करण्याचं कारण एवढंच की या हातांचं वय होत चाललं आहे. कुर्ल्याची ‘प्रीमियर’ बंद होऊन दोन तपं उलटली, कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि तिथे शिकलेली पिढी निवृत्त झाली. दर्जेदार काम कायदेशीर वाटेने करता येत नसेल तर हुशार मुलगा ते सोडून देतो, आणि उरलेलं काम चोरून करणाऱ्याच्या हातात जातं. रस्ता त्याने सुरक्षित होत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने नियमावलीत एकेका गाडीच्या तपासणीची तरतूद करावी आणि तिचा पहिला प्रयोग महाराष्ट्राने मागून घ्यावा. गाड्या कशा बांधायच्या हे ज्या राज्याने देशाला दाखवलं, त्याने एवढी मागणी तरी करायलाच हवी.