काजळी लागलेला चंद्र

या आठवड्यात मला राग आला तो एका फ्लेक्सचा. फ्लेक्सवरचा माझा राग या सदराच्या वाचकांना नवा नाही. पण या वेळचं प्रकरण चौकातल्या वाढदिवसवाल्यांचं नव्हतं, घरातलंच होतं. मावशी-काकांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुलांनी हॉल घेतला आणि स्टेजच्या मागे दोघांचा १९७५ चा कृष्णधवल फोटो भलामोठा करून लावला. लावण्याआधी तो दुकानात 'क्लीन' करून घेतला होता. मावशीच्या डाव्या गालावर देवीचे दोन वण आहेत, ते गेले. पुढच्या दातांतली फट बुजली. कपाळावर उतरणारी, कधीच न आवरणारी बटही जागच्या जागी बसवली. उरली ती एक गुळगुळीत, देखणी, कुणाचीही असू शकेल अशी मुलगी.

काका बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अगं, तुझे वण कुठं गेले?"

"गेले तर बरंच झालं की हो!" मावशी म्हणाली. "लग्नात तुमच्या आत्याबाईंनी केवढं नाक मुरडलं होतं त्यांच्यावरून."

सगळे हसले. काका हसले नाहीत. "मला ते पाठ होते," एवढंच म्हणाले आणि खुर्चीत जाऊन बसले.

मावशीचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्या वणांपायी बोलणी खाल्ली ते एकदा तरी दिसू नयेत, असं तिला वाटणारच. माझा राग त्या फोटोमागच्या समजुतीवर आहे: रूप जपायचं म्हणजे त्यातलं खटकणारं पुसून टाकायचं. दोन हजार वर्षांची प्रेमकविता याच्या नेमकं उलट करत आली आहे, आणि म्हणूनच ती उरली आहे.

मी पुन्हा गाथासप्तशतीवर येणार हे नेहमीच्या वाचकांनी ओळखलं असेलच. माहिती थोडक्यात सांगते. माहाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे सुट्या गाथा. संग्रहाचं श्रेय प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, हाल सातवाहनाला. परंपरा त्याला पहिल्या शतकात ठेवते, पण संग्रहात पुढेही भर पडत राहिली. निरनिराळ्या पाठांत समान अशा गाथा साधारण ४३० भरतात. एक कोटी गाथांमधून या निवडल्या, असं ग्रंथच सुरुवातीला सांगतो.

आता त्यातली एक बाई पाहा. स्वयंपाक करता करता तिचा काजळी लागलेला हात तोंडाला लागला आहे. नवरा बघतो आणि हसतो: आता खरा चंद्र झाला, डागासकट! एवढीच गाथा. तिचं नाक कसं, डोळे कसे, रंग कोणता, काही सांगितलेलं नाही. तरी ती मला दिसते, कारण ज्याला ती दिसली त्याने तिची काजळी पाहिली होती. तिला स्वतःला बहुधा पत्ताही नसेल. कवीने चेहरा जपलाच नाही. त्या चेहऱ्याकडे बघण्याची त्या माणसाची रीत जपली. आरशात आपल्याला आपण दिसतो तसं हे बघणं नसतंच. मावशीला वण आत्याबाईंच्या नजरेतून दिसतात, काकांना स्वतःच्या.

दुसरी गाथा पाणपोईवरची. वाटसरू ओंजळ धरून पाणी पितो आहे, नजर वर, आणि बोटं फाकवलेली, म्हणजे पाणी गळत राहील आणि पिणं लवकर संपणार नाही. पाणी घालणारीही काही भोळी नाही. ती आधीच बारीक असलेली धार आणखी बारीक करते. दोघांनी मिळून वेळ लांबवला. बोटांच्या फटींपेक्षा जास्त काहीही कवीने वर्णिलेलं नाही.

याच्या शेजारी शेक्सपिअर ठेवून बघते. त्याची १५४ सुनीतं १६०९ मध्ये छापली गेली. त्यांतली पहिली १२६ एका देखण्या तरुणासाठी आहेत असं मानतात, आणि तू म्हातारा होशील पण माझ्या ओळींत तरुणच राहशील, असं वचन कवी त्याला पुन्हा पुन्हा देतो. वचन मनापासूनचं आहे, ओळी टिकल्याही. पण त्या तरुणाचं नाव आज खात्रीने कुणी सांगू शकत नाही, आणि त्याचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढे येत नाही. उलट नंतरच्या सुनीतांतल्या सावळ्या बाईचं बघा. तिच्या ओठांना पोवळं आणि गालांना गुलाब म्हणायला कवी साफ नकार देतो. केस म्हणजे काळ्या तारा, आणि चालताना तिचे पाय जमिनीवरच पडतात, असं सांगतो. तेवढ्या एका सुनीतात ती आपल्यासमोर चालत येते. अमर करीन असं वचन मात्र तिला दिलेलं नाही.

काळाशी थेट झुंज मला दिसते ती गाथेतल्याच एका भिंतीवर. नवरा गावाला गेला आहे. आज गेला, आज गेला, असं म्हणत बायको भिंतीवर रेघ ओढते आणि पहिल्याच दिवशी, दुपार व्हायच्या आत भिंत भरून जाते. आणखी एका गाथेत मैत्रिणी येतात. परतीचा ठरलेला दिवस जवळ आला आहे आणि तो त्या दिवशी आला नाही तर हिचं काय होईल, या धास्तीने त्या तिच्या नकळत दोन-तीन रेघा पुसून टाकतात. प्रेमात आणि मैत्रीत दिवस असे मोजले जातात आणि असे चोरलेही जातात. मी ही गाथा वाचते तेव्हा त्या बाईपेक्षा तिच्या मैत्रिणीच मला जास्त आवडतात.

बाणभट्टाने सातव्या शतकात सातवाहनाच्या कोशाला, म्हणजे याच संग्रहाला, अविनाशी म्हटलं. पण अविनाशी ठेवणारी माणसंच होती. नवव्या शतकात काश्मीरमध्ये बसलेला आनंदवर्धन ध्वनी, म्हणजे शब्दांत न सांगता सुचवलेला अर्थ, समजावून सांगताना या संग्रहातल्या गोदाकाठच्या एका चतुर बाईचं उदाहरण घेतो. वेबरने १८७० आणि १८८१ मध्ये जर्मनीत संहिता छापली, १८८९ मध्ये मुंबईच्या निर्णयसागरने काव्यमालेत काढली, १९५६ मध्ये स. आ. जोगळेकरांनी ती मराठीत आणली. यांतल्या एकानेही काजळी पुसली नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

टीकाकारांनी काही गाथांपुढे कवींची नावं दिली आहेत, त्यांत रेवा, रोहा, माधवी, अनुलक्ष्मी अशी बायकांचीही आहेत. कुठली गाथा नेमकी कुणाची, यावर पाठांचं एकमत नाही. तरी रेघा पुसणारी गाथा बाईनेच लिहिली, असं माझं ठाम मत आहे. मैत्रिणीच्या घरात शिरून, तिचा डोळा चुकवून तिच्या भिंतीवरचे दिवस कमी करायचे असतात, हे परसदारी बसलेल्या बायकांनाच सुचतं. पुराव्याशिवाय बोलते म्हणून अभ्यासक रागावतील. त्यांनी जरूर पत्रं पाठवावीत, मी छापीन. फक्त आधी रेघांच्या त्या दोन्ही गाथा लागोपाठ वाचाव्यात.