उचल घेतलेल्या माणसाचे मत

राजकारणात समता आणि आर्थिक जीवनात विषमता, हा बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी दिलेला इशारा दर संविधान दिनाला ऐकायला मिळतो. मला मात्र त्याआधीच्या त्यांच्या दोन भूमिका अधिक अस्वस्थ करतात, कारण त्या एकमेकींशी भांडतात.

1947 साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी संविधान सभेसाठी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन लिहिले. पायाभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, विमा सरकारी आणि प्रत्येक प्रौढाला सक्तीचा असावा, शेतजमीन मोबदला देऊन सरकारने घ्यावी आणि जातधर्म न पाहता गावकऱ्यांना सामुदायिकपणे कसायला द्यावी. हे सगळे संविधानातच लिहायचे, म्हणजे उद्याच्या बहुमताला मोडता येणार नाही. पुढच्याच वर्षी, 15 नोव्हेंबर 1948 ला, संविधान सभेत के. टी. शहांनी संविधानाच्या पहिल्याच कलमात ‘समाजवादी’ हा शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली. तिला विरोध केला बाबासाहेबांनीच. आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावे. ती संविधानात बांधून टाकणे म्हणजे लोकशाहीच मोडणे, असे ते म्हणाले. समाजवादी दिशा मार्गदर्शक तत्त्वांत आधीच आहे, असेही त्यांनी दाखवून दिले.

मला 1948 चे उत्तर पटते. जी समाजवादी राजवट निवडणुकीत हरूच शकत नाही, ती काय असते हे पूर्व युरोपने चार दशके भोगले. पण म्हणून 1947 चा युक्तिवाद खोटा ठरत नाही. बेकार माणूस पोटासाठी आपले हक्क सोडतो, आणि सरकारने अंग काढून घेतले की उरते ती मालकाची हुकूमशाही, असे तो युक्तिवाद सांगतो.

ही हुकूमशाही आजही दिसते. बीडकडचा ऊसतोड कामगार मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतो. मग नवरा-बायकोचा ‘कोयता’ फडावर जातो आणि उचल फिटेपर्यंत बांधलेला राहतो. कारखाना सहकारी असला तर सभासदाला एक मत असते. ऊस तोडणारा तिथे सभासद नसतो. 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचे मतदान झाले, तेही ऐन हंगामाच्या तोंडावर. गावी परतायला मुकादमाची परवानगी लागणाऱ्या माणसाला देशाची आर्थिक घडी तूच ठरव, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

त्याच मार्गदर्शक तत्त्वांतले कलम 43 निर्वाह वेतनाचे बोलते, आणि कलम 37 सांगते की ते न्यायालयात मागता येणार नाही. हा अडसर आधी काढा. कारखाने सरकारी असावेत की खासगी, यावर मग खुशाल निवडणुका लढवा.