हट्ट नव्हे, हक्क!

शाळेची घंटा वाजली की कानावर हात दाबून कोपऱ्यात बसणारे मूल, कॉलरीमागची चिठ्ठी टोचते म्हणून गणवेशाचा सदरा काढून फेकणारे मूल, डोक्यावर पाण्याचा तांब्या ओतताच जिवाच्या आकांताने ओरडणारे मूल आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. अशा मुलाला आपला समाज काय म्हणतो? हट्टी म्हणतो, लाडावलेले म्हणतो, नाटकी म्हणतो. कुणी दोन थोबाडीत देतो, कुणी दृष्ट काढतो, कुणी बुवा-बाबाकडे नेऊन अंगारा लावून आणतो. त्या मुलाला नेमके काय होते आहे, हे विचारण्याचे कष्ट मात्र फारसे कुणी घेत नाही. ज्या चळवळीने माणसाला विचार करायला शिकवले, त्या चळवळीच्या घरात तरी हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, असे आम्हाला वाटते.

ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, एडीएचडी म्हणजे अतिचंचलता, किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या माणसांच्या मेंदूची घडणच वेगळी असते. त्यांच्यापैकी अनेकांचे, विशेषतः स्वमग्न व्यक्तींचे, आवाज, उजेड, स्पर्श, वास आणि चव जाणवण्याचे माप इतरांपेक्षा निराळे असते. तुम्हा-आम्हाला कुकरची शिट्टी म्हणजे शिट्टी. त्यांच्या कानात ती खिळा ठोकल्यासारखी शिरते. काहींचे याच्या नेमके उलट असते. भाजले, खरचटले, भूक लागली तरी त्यांना लवकर कळत नाही. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली काढलेल्या निदान पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत संवेदनांचा हा त्रास ऑटिझमच्या लक्षणांत नोंदवला. टेम्पल ग्रँडिन या स्वमग्न असलेल्या अमेरिकन प्राध्यापिकेने तर आपल्या लेखनातून तो जगापुढे मांडला. लहानपणी मोठा आवाज आपल्याला दाताच्या डॉक्टरच्या यंत्रासारखा झोंबत असे आणि खरखरीत कपडा असह्य होत असे, असे त्या सांगतात. माणसाने मिठी मारलेली त्यांना सोसत नसे, पण अंगावर पडणारा घट्ट दाब मात्र हवासा वाटे. म्हणून त्यांनी तरुणपणीच असा दाब देणारे यंत्र स्वतःसाठी बनवले. आपल्याला काय सोसते आणि काय सोसत नाही, हे ज्याचे त्यालाच सर्वांत चांगले कळते, हा यातला धडा आहे.

आपल्या देशाच्या सरकारला हे ठाऊक नाही असेही नाही. ऑटिझमची तपासणी करण्यासाठी आपल्याकडे 'इसा' नावाची भारतीय मोजपट्टी वापरली जाते. तिच्यात ४० मुद्दे आणि सहा विभाग आहेत, आणि त्यातला एक संपूर्ण विभाग संवेदनांचा आहे. म्हणजे प्रमाणपत्र देताना सरकार मुलाला विचारते, तुला आवाजाचा, स्पर्शाचा त्रास होतो का? पण तेच मूल प्रमाणपत्र घेऊन शाळेत गेले की त्याला घंटेखालच्याच बाकावर बसवले जाते. कागदावर मान्य आणि वर्गात अमान्य, हा कुठला न्याय?

यावर उपाय नाहीत असा समज करून घेऊन पालक हताश होतात. तो समज काढून टाकला पाहिजे. सर्वप्रथम कान, दात, त्वचा यांचे दुखणे नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. त्यानंतर मुलाला बदलण्याआधी काम बदलावे. गणवेशाची चिठ्ठी कापून टाकावी, नवा कोरा सदरा चार वेळा धुऊन मऊ करूनच घालावा, आत सुती बनियन द्यावे. दात घासताना फेसाने ओकारी येत असेल तर पेस्ट मुगाएवढी घ्यावी, कमी तिखट चवीची घ्यावी, ब्रश मऊ घ्यावा. आंघोळीला तांब्या डोक्यावर ओतण्याऐवजी ओल्या पंचाने पायापासून सुरुवात करावी. हलका, ओझरता स्पर्श अनेकांना गुदगुल्यांपेक्षाही नकोसा असतो; तिथे हात ठाम ठेवावा, आणि हात लावण्याआधी सांगावे. केस कापायला रविवारच्या गर्दीत नेऊ नये. दुकान रिकामे असताना न्यावे, मशीनऐवजी कात्री वापरायला सांगावी. वरण-भात कालवलेला चालत नसेल तर दोन वाट्यांत वेगळा द्यावा. कुकर लावताना, मिक्सर फिरवताना आधी आवाज द्यावा, म्हणजे मुलाला दुसऱ्या टोकाला जाता येईल. कानात बोळे, डोक्यावर टोपी, गर्दीत जाण्याआधी थोडी विश्रांती, यांतल्या कशालाच फार पैसा लागत नाही. सवय लावायची तर ती मुलाच्या गतीने, थोडी थोडी लावावी. हातपाय धरून लावलेली सवय ही सवय नसते, ती भीती असते.

हा त्रास फक्त मुलांचा आहे असेही कुणी समजू नये. ही मुले मोठी होतात आणि त्यांचा त्रासही त्यांच्याबरोबर मोठा होतो. उष्ट्या भांड्यांतला चिकट ओलावा हाताला सोसत नाही म्हणून भांडी घासताना रडकुंडीला येणारी सून 'नखरेल' ठरते. यंत्राच्या घरघरीने डोके फुटायची वेळ आलेला कामगार 'कामचुकार' ठरतो. लोकलच्या गर्दीत घामाच्या आणि अत्तराच्या वासाने गुदमरून मधल्याच स्टेशनावर उतरणारा तरुण 'कमकुवत' ठरतो. त्यांच्यापैकी कित्येकांचे निदान कधी झालेलेच नसते. सुनेला रबराचे हातमोजे, कामगाराला कानाचे संरक्षक, तरुणाला गर्दी टाळून कामावर येण्याची तासाभराची मुभा, एवढ्यावर ज्यांचे आयुष्य सुसह्य होऊ शकते, त्यांना आपण वर्षानुवर्षे शिव्या देत आलो.

आता खरा प्रश्न वस्तीचा. मोठ्या घरात मुलाला शांत खोली देता येते, खासगी थेरपिस्टची फी भरता येते. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, शेजारी टीव्ही, खाली गिरणी आणि दारात पाण्यासाठी भांडण असताना शांतता आणायची कुठून? बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेत रामजी सुभेदारांचे बिऱ्हाड परळच्या चाळीत एका खोलीत होते. मुलाला अभ्यासाला निवांतपणा मिळावा म्हणून वडील त्याला रात्री लवकर झोपवत आणि पहाटे दोनला उठवत, हे आपण सारे जाणतो. खोली मोठी करता आली नाही, तेव्हा त्या बापाने वेळ बदलली. परिस्थितीला शरण न जाता मुलासाठी घडी बदलणे यालाच आम्ही शहाणपण म्हणतो. परंतु घडी बदलण्याचा सगळा भार गरीब आई-बापांवर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही.

कारण कायदा स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, ते २१ झाले, आणि त्यांत ऑटिझम व विशिष्ट अध्ययन अक्षमता आली. सरकारी अनुदान वा मान्यता असलेल्या शाळेने मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी फेरबदल केले पाहिजेत, असे हा कायदा सांगतो. एवढेच नव्हे, तर असे फेरबदल नाकारणे हा भेदभाव आहे, असे त्याच्या व्याख्येतच लिहिले आहे. भेदभाव या शब्दाचा अर्थ आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार खटल्यात, ४० टक्क्यांची अट पूर्ण होत नाही एवढ्या कारणावरून लिहिण्याची अडचण असलेल्या परीक्षार्थीला लेखनिक नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. तेव्हा बाक बदलून मागणारा पालक भीक मागत नाही, हे मुख्याध्यापकांनी नीट ध्यानात घ्यावे. अतिचंचलतेला मात्र २१ प्रकारांच्या यादीत अजून स्वतंत्र जागा नाही. ती मिळवण्यासाठी लढावे लागेल.

सरकारला जाब विचारायचा तर आधी आपल्या अंगणातही पाहावे लागेल. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शाळा, रुग्णालये, न्यायालये यांच्या भोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. गणपती, दहीहंडी, नवरात्र, लग्नाच्या वराती यांत या मर्यादेची काय गत होते ते सर्वांना माहीत आहे. पण १४ एप्रिलला आपल्याच वस्तीत डीजेच्या भिंती उभ्या राहतात तेव्हा पत्र्याच्या घरात पलंगाखाली शिरून थरथरणारे मूल कुणाचे असते? ते आपलेच असते. त्याच बाबासाहेबांच्या नावाने आपण अठरा तास अभ्यासाचे उपक्रमही करतो. मग मिरवणुकीचा मार्ग आणि वेळ आधी घरोघरी कळवणे, अरुंद गल्लीत डीजे बंद ठेवून लेझीम खेळवणे, विहारात एक शांत कोपरा राखून ठेवणे एवढे मंडळांना अवघड का वाटावे? जयंती सर्वांची आहे, तर ती त्या मुलालाही साजरी करता आली पाहिजे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. त्याखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत ऑक्युपेशनल थेरपिस्टचे पद रिकामे राहता कामा नये. दैनंदिन कामे सुकर कशी करावीत, हे शिकवणारा हाच तज्ज्ञ असतो. नगरपालिका आणि जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत एक शांत जागा असावी, शिक्षकांच्या प्रशिक्षणात हा विषय यावा. आणि शाळेने ऐकले नाही तर पालकांनी गप्प न बसता लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे दाद मागावी. समाजातील वकील आणि शिक्षक बांधवांनी अशा अर्जांसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ विहारात बसावे.

कानावर हात ठेवणारे मूल आपल्याला काहीतरी सांगत असते. ते ऐकायला थेरपिस्ट लागत नाही, कायदा लागत नाही. त्यासाठी आधी आपला आवाज थोडा खाली आणावा लागतो. एवढे तरी उद्यापासून करता येईल.