पोटात गोळा, पण खात्रीचा!

लखनौच्या माणसाला गंमत म्हणून घाबरायची हौस फार जुनी आहे. पटत नसेल तर बडा इमामबाडा पाहा. 1784 साली दुष्काळ पडला, तेव्हा लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून नवाब असफउद्दौलांनी तो बांधायला घेतला. त्याच्या प्रचंड छताच्या वर आणि भिंतींच्या पोटात जी भुलभुलैया आहे, तिथे आज देशभरातले पाहुणे तिकीट काढून हरवायला जातात! अंधारा बोळ, मध्येच खाली उतरणाऱ्या पायऱ्या, आणि अचानक पायाखाली दिसणारा खोल दिवाणखाना... काळजाचा ठोका चुकतो. पण बरोबर गाईड असतो, म्हणून हसूही येतं. घाबरवायचं, पण इजा होऊ द्यायची नाही! जगभरच्या अम्युझमेंट पार्कांचा सारा धंदा या एका वाक्यावर उभा आहे.

मी या धंद्याचा जुना गिऱ्हाईक. नोकरीमुळे लखनौला आलो आणि इथलाच झालो, पण रोलर कोस्टरचं वेड काही सुटलं नाही. पन्नाशी उलटली तरी गावोगावचे पार्क पाहत असतो. बायको म्हणते, "अहो, आता नातवंडांच्या चपला सांभाळत खाली बसायचं वय तुमचं!" मी चपला सांभाळतो, पण माझी फेरी झाल्यावर.

परवा अलीगंजमधल्या एका मराठी वहिनींनी विचारलं, "भावजी, सुट्टीत मुलांना लखनौतला चांगला रोलर कोस्टर दाखवायचाय. कुठे नेऊ?" आता आली का पंचाईत! लखनौत फैजाबाद रोडवर आनंदी वॉटर पार्क आहे. 2014 साली गोमतीनगरला पावणेचारशे एकरांचं जनेश्वर मिश्र पार्क झालं, तिथे सायकल चालवा, नावेत बसा. कार्तिक पौर्णिमेपासून डालीगंजच्या बाजूला कतकीचा मेळा भरतो, चिनी मातीच्या बरण्यांपासून आकाशपाळण्यापर्यंत सगळं तिथे असतं. पण पोटात खराखुरा गोळा आणणारा मोठा रोलर कोस्टर? तो या शहरात नाही. एवढं मोठं राजधानीचं शहर, पण त्यासाठी दिल्लीची किंवा मुंबईची गाडी पकडावी लागते.

मुळात हा प्रकार आला कुठून? रशियातून. तिथे सेंट पीटर्सबर्गच्या थंडीत लाकडी सांगाडे उभारून त्यावर पाणी ओतायचे. बर्फ झाला की लोक त्यावरून घसरायचे. पुढे पॅरिसवाल्यांनी 1817 च्या सुमाराला त्याला चाकं लावली. मग 1884 साली न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्प्सन यांनी तिकीट लावून गाडी सुरू केली. वेग ताशी जेमतेम दहा किलोमीटर, म्हणजे आपल्या हजरतगंजातल्या सायकल रिक्षाएवढा! तरी लोकांनी पाच सेंट मोजून रांगा लावल्या. गंमत अशी, की फ्रेंच लोक आजही याला 'रशियन डोंगर' म्हणतात आणि रशियन लोक 'अमेरिकन डोंगर'!

बहुतेकांना वाटतं की या गाडीला इंजिन असतं. नेहमीच्या रोलर कोस्टरच्या गाडीला ते नसतं. एक साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते आणि सोडून देते. पुढचं सगळं काम पृथ्वीचं! म्हणून पहिला चढ सर्वात उंच असतो. चढताना खालून जो कट कट कट आवाज येतो ना, तो ऐकून पुष्कळ जण "काहीतरी तुटतंय" म्हणून घाबरतात. अहो, तो तर धीराचा आवाज! साखळी तुटलीच तर गाडी मागे घसरू नये म्हणून खाली दातेरी पट्टी असते. गाडीखालचा खटका तिच्या एकेका दातावर पडत जातो, त्याचा तो आवाज. मी तर तो बंद पडला तर घाबरेन. चाकंही एक नव्हे, तीन तऱ्हेची असतात. काही रुळावर, काही रुळाच्या बाजूला आणि काही रुळाच्या खाली. खालची चाकं हवीतच, नाहीतर उंचवट्यावरून गाडी आकाशात जायची! ही युक्ती जॉन मिलर या अमेरिकन माणसाची, 1919 सालची.

उलटं फिरवणारं कडं म्हणजे 'लूप'. ते पूर्ण गोल असतं असं तुम्हाला वाटत असेल, तर पुढच्या वेळी नीट बघा. ते पाण्याच्या थेंबासारखं असतं, वर निमुळतं आणि खाली पसरट. शंभर वर्षांपूर्वी लोकांनी गोल कडी करून पाहिली होती, पण बसणाऱ्यांच्या माना अवघडायच्या. 1976 साली कॅलिफोर्नियात थेंबाच्या आकाराचं कडं यशस्वी झालं, तेव्हा कुठे उलटं लटकणं सुखाचं झालं.

आणि जागा कुठली धरायची? समोरचं दृश्य हवं असेल तर पुढची. पोटातला गोळा हवा असेल तर अगदी मागची. कारण पुढचे डबे माथ्यावर रेंगाळतात, आणि मागचा डबा माथ्यावर येईपर्यंत गाडी सुसाट सुटलेली असते, म्हणून तो खेचला जातो. पहिल्यांदा बसणाऱ्यांनी मध्ये बसावं. लखनौच्या मंडळींना पुढच्या सीटवर बसवणं मात्र महाकठीण. तिथे सगळेच "पहले आप, पहले आप" करत एकमेकांना पुढे ढकलतात. तहजीब म्हणून नव्हे, भीतीने!

आपल्याकडच्या पार्कांचं सांगायचं तर मन थोडं जड होतं. 1984 साली दिल्लीच्या प्रगती मैदानात 'अप्पू घर' सुरू झालं. एशियाडचा अप्पू हत्ती त्याचं नाव देऊन गेला. आमच्या लखनौच्या किती तरी घरांत दिल्लीला जाणं म्हणजे लाल किल्ला आणि अप्पू घर! 2008 साली ते बंद झालं, जागा सरकारी कामांसाठी गेली. मुंबईत 1989 साली गोराईला 'एस्सेलवर्ल्ड' आलं. खाडीतली लाँच, मग पार्क, आणि टीव्हीवरची ती घरी न जाण्याची जाहिरात! नव्वदीतल्या एका पिढीने आयुष्यातली पहिली किंकाळी तिथे फोडली. 2022 पासून ते बंद आहे. शेजारचं 'वॉटर किंगडम' मात्र राहिलं. कोलकात्याचं 'निक्को पार्क' 1991 पासून तग धरून आहे, आणि 2003 साली तिथे चक्क लाकडी रोलर कोस्टर उभा राहिला. शहर वाढतं, जागेचा भाव वाढतो, आणि पाळण्याखालची जमीन पाळण्यापेक्षा महाग होते. मग काय होतं, ते तुम्ही जाणताच.

सध्या मराठी मुलखात नाव घ्यावं असा कोस्टर खोपोलीजवळ, 'इमॅजिका'त आहे. 2013 साली पार्क सुरू झालं आणि त्याच वर्षी 'नायट्रो' आला. स्वित्झर्लंडच्या बोलिगर-मॅबिलार्ड कंपनीची बनावट, उंची सुमारे 40 मीटर म्हणजे बारा-तेरा मजले, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर, आणि पाच वेळा उलटेपालटे! पायाखाली तळच नाही, पाय हवेत लोंबतात. 2022 साली हे पार्क संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाने घेतलं. माझं मत विचाराल तर नायट्रोची खरी थोरवी त्याच्या उंचीत नाहीच. ती त्याच्या गुळगुळीतपणात आहे. मान आदळत नाही, कंबर दुखत नाही, उतरल्यावर डोकं धरून बसावं लागत नाही. चांगला कोस्टर घाबरवतो, पण मारझोड करत नाही.

उलट अनुभव हवा असेल तर एखाद्या मेळ्यातल्या घाईघाईने जोडलेल्या कोस्टरवर बसा. नाही, नकाच बसू! इथे मला थट्टा बाजूला ठेवावी लागते. 2019 च्या जुलैत अहमदाबादच्या कांकरिया तलावाशी झुलणारी राइड तुटली, दोघं दगावले. 2022 च्या सप्टेंबरात मोहालीच्या मेळ्यात वर गेलेला पाळणा धाडकन खाली आला आणि माणसं जखमी झाली. 2025 च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या एका पार्कात रोलर कोस्टरवरून पडून एक तरुणी गेली. आणि गो-कार्ट तर साधी जमिनीवरची गाडी! 2018 साली पिंजोरमध्ये तिच्या चाकात केस अडकून एका महिलेचा जीव गेला. म्हणून वेणी बांधा, ओढणी नि पदर खोचा, चष्मा पाकिटात ठेवा.

असल्या राइड्ससाठी भारतीय मानक ब्युरोचं आय. एस. 15475 क्रमांकाचं मानक आहे. पण कागदावरचं मानक पाहायला तुम्ही-आम्ही जाणार नाही. आपण आपले डोळे वापरायचे. मी रांगेत शिरण्यापूर्वी दोन फेऱ्या नुसता उभा राहून बघतो. सांगाडा पक्क्या पायावर आहे, की लाकडाच्या ठोकळ्यांवर आणि विटांवर टेकवलाय? गाडी सुटण्याआधी मुलगा प्रत्येकाचा दांडा स्वतःच्या हाताने ओढून बघतो, की लांबूनच "सब ठीक?" विचारतो? चालवणारा माणूस बटणापाशी आहे, की मोबाइलवर बोलतोय? दांडा दोरीने बांधलेला दिसला, तर तिथूनच मागे फिरतो, तिकिटाचे पैसे बुडाले तरी. आणि पाऊस-वारा आला म्हणून राइड बंद केली, तर कृपा करून भांडू नका. अशा पार्काला मी मनातल्या मनात दहापैकी दहा मार्क देतो.

खरी परीक्षा मात्र पार्कापेक्षा आपली असते. दाराशी उंची मोजायची पट्टी असते ना, तिच्यापाशी! उत्तर प्रदेशातल्याच एका पार्कात, नाव कशाला घेऊ, मी एका सद्गृहस्थांना मुलाच्या बुटात रुमालाची घडी घालताना पाहिलं. पोरगं टाचा उचलून उभं. दारावरचा विशीतला मुलगा नम्रपणे म्हणाला, "भाईसाहब, बच्चा दो इंच छोटा है." भाईसाहब भडकले. "पूरे टिकट के पैसे दिए हैं!" बाईसाहेबही सरसावल्या. मागची रांग कुरकुरू लागली, मॅनेजर आला, आणि... मॅनेजरने पोराला सोडलं! दारावरचा मुलगा मान खाली घालून उभा राहिला. त्या फेरीत काही झालं नाही, पोरगं हसत उतरलं. पण मी त्या राइडवर बसलो नाही. जिथे गिऱ्हाईक ओरडलं की पट्टी दोन इंच खाली येते, तिथे उद्या नटबोल्टचंही तेच होणार, नाही का?

आईवडिलांना वाटतं, ती पट्टी धीटपणा मोजते. आमचा पिंटू घाबरत नाही हो! अहो, पिंटू वाघ असेल, पण तो दांडा पिंटूच्या धीटपणाला अडवत नाही, त्याच्या मांड्यांना आणि खांद्यांना अडवतो. शरीर लहान असेल तर दांडा नि अंग यांत फट राहते, आणि झटक्यात पोर खालून निसटू शकतं. जाडजूड माणसाचा दांडा पुरता बसत नाही, तोही धोकाच. म्हणून "तुम्ही बसू नका" म्हणणाऱ्यावर रागावायचं नसतं. पाठीचं दुखणं, हृदयविकार, गरोदरपण असेल तर मुकाट्याने बाकावर बसून भेळ खावी.

हे सगळं लिहितोय ते लखनौला रोलर कोस्टर नको म्हणून नव्हे. हवा आहे! पण बारा मजली नको. इथल्या सामान्य घरातल्या आई-बाप-दोन मुलांना परवडेल, सात-आठ वर्षांच्या पोरालाही बसता येईल, असा मध्यम उंचीचा एकच कोस्टर असावा. दहा खडखडणाऱ्या राइड्स मांडण्यापेक्षा त्या एकाची देखभाल नीट करावी. रोज सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी रिकामी गाडी फिरवून बघावी, आणि पट्टीपाशी उभ्या राहणाऱ्या मुलाला मॅनेजरपेक्षा जास्त अधिकार द्यावेत. माझी अशी पक्की समजूत आहे, की पार्कातला सर्वात महत्त्वाचा माणूस तोच.

तोवर काय करायचं? वॉटर पार्कला जाणार असाल तर सकाळी दार उघडताच पोहोचा, दुपारपर्यंत बाहेर पडा. आणि मे महिन्यात मुलांना घेऊन आजोळी डोंबिवलीला किंवा पुण्याला निघालाच आहात, तर पुष्पक एक्सप्रेस कल्याणला थांबते. तिथून खोपोलीची लोकल मिळते. शनिवार-रविवार टाळा. सकाळी थोडंसंच खा. आत शिरल्यावर आधी लहान राइड्स न करता थेट नायट्रोची रांग धरा, दुपारी ती फार वाढते. मागची सीट माझ्यासाठी सोडलीत तर उत्तमच!